मेजर-मायनरसाठी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

पेटी येत होती, पण मेजर-मायनर या पाश्चात्त्य स्केलचे, म्हणजे स्वरमालिकांचे, प्रकार कानात बसत नव्हते. म्हणून मागच्या पावसाळ्यात ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड घेतला. स्केल समजून घ्यायला तो किती कामाचा, तेवढंच इथे लिहिते. त्यातल्या तयार ठेक्यांना मी फारसा हात लावलेला नाही.

मायनर शिकवताना बहुतेक जण सांगतात, सी मेजरचेच स्वर ‘ए’पासून वाजवा, झाला ए मायनर. हिशेब बरोबर आहे, पण एकाच ‘सा’वर वाढलेल्या कानाला त्यातून फरक कळत नाही. मी सा ‘सी’ या पट्टीवरच ठेवला आणि बाकीचे स्वर हलवले. सगळे शुद्ध म्हणजे मेजर, आपला बिलावल. ग, ध, नी कोमल केले की नॅचरल मायनर, म्हणजे आसावरी थाट. त्यातला नी शुद्ध केला की हार्मोनिक मायनर, कीरवाणीचे स्वर. ध पण शुद्ध केला की एकटा गंधार कोमल उरतो, ती चढती मेलोडिक मायनर. पटदीपचे स्वर हेच, फक्त त्याच्या आरोहात रे-ध नसतात.

मायनरची ही वेगवेगळी रूपं मुळात कशामुळे झाली, हे कीबोर्डवर फार छान उलगडतं, कारण भाता नसल्याने डावा हात कॉर्ड्सना (एकत्र वाजवायच्या स्वरांना) मोकळा असतो. सी मायनर, एफ मायनर, जी मायनर आणि परत सी मायनर वाजवा. घरी परतणं ढिलं वाटतं. आता जी मायनरऐवजी जी मेजर घ्या. त्यातला शुद्ध नी साकडे असा ओढतो की पुढचा सूर आधीच ऐकू येतो! या ओढीसाठीच नी चढवला गेला. पण मग कोमल ध ते शुद्ध नी हे अंतर तीन अर्धस्वरांचं (लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) होतं, गळ्याला अडखळायला होतं, म्हणून वर जाताना धही चढवतात. उतरताना ती ओढ नको असते, दोन्ही पुन्हा कोमल. जॅझवाले मात्र चढतं रूपच उतरतानाही वापरतात.

मेजरमध्येही असे बदल होतात. नुसता ध कोमल केला तर हार्मोनिक मेजर, नट भैरवचे स्वर. सोबत नीही कोमल केला तर चारुकेशीचे.

‘सी’वरून या सगळ्यांना उजव्या हाताची बोटं तीच: एक-दोन-तीन (अंगठा म्हणजे एक), मग पुन्हा अंगठा मध्यमावर. त्यामुळे लक्ष बोटांवर न राहता बदललेल्या स्वरावर राहतं. नवशिक्यांना मी ट्रान्सपोजचं (पट्ट्या त्याच ठेवून सूर वर-खाली सरकवणारं) बटण सुरुवातीला वापरू नका असंच सांगेन.

खटकलेलं एक: पडद्यावर ई-फ्लॅटच्या (कोमल गंधाराच्या) जागी डी-शार्प दिसतं; पट्टी तीच, नाव वेगळं. सी मायनरमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं, त्यामुळे लिहून शिकणाऱ्याचा इथे घोळ होतो. मी वहीत नावं हाताने लिहून ठेवली.

दुसरी मर्यादा कीबोर्ड या जातीचीच. सप्तकाच्या बारा समान भागांमुळे शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा लागतो आणि कोमल गंधार शुद्ध प्रमाणापेक्षा सुमारे १६ सेंट उतरलेला. मेजर-मायनरचा सगळा भाव गंधारावर, आणि नेमका तोच हललेला. कॉर्ड्स शिकताना हे चालून जातं. गाण्याच्या रियाजाला मी कीबोर्ड बंद करून तानपुराच लावते.