विरंगुळ्याला काय घ्यावं: विनोदी कथासंग्रह की रहस्यकादंबरी?

रोज झोपण्याआधी वीसेक मिनिटंच मिळत असतील तर कथासंग्रह घ्या. दहा-बारा पानांची गोष्ट एका बैठकीत संपते, उद्या मागचं काही आठवावं लागत नाही. मात्र सलग चार-पाच कथा वाचल्या की लेखकाची लकब उघडी पडते. पुढचा विनोद आधीच कळतो. दिवसाला दोन पुरे. निवडताना पहिली नाही, मधली कथा चाळा. पहिली बहुधा सगळ्यात घोटीव असते.

रहस्यकादंबरीला सलग वेळ लागतो. तासाला तीस-चाळीस पानं धरली तर अडीचशे पानांना सहा-आठ तास, म्हणजे सुट्टीचे दोन दिवस. तीच रोज दहा पानांनी वाचली तर महिना जातो आणि बागेतला माळी कोण, त्यानं कोणत्या प्रकरणात किल्ली पाहिली, हे पार विसरतं. शेवटाची मजा त्या किल्लीवरच असते! वाचनखुणेच्या कागदावर पात्रांची नावं आणि नाती टिपून ठेवा. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र वाचू नका, कधी कधी तिथेच अर्धं गुपित फुटतं. पहिल्या तीस पानांत कोडं पडलं नाही, तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवा.

प्रवासात? कथासंग्रहच. स्टेशन चुकत नाही.