रिफर्बिश्ड लॅपटॉप आणि २५ टक्क्यांवर अडलेला प्रोसेसर : सेवा केंद्रातल्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातलं सेवा केंद्र. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीएम किसानची ई-केवायसी, पीक विमा, मधूनमधून प्रिंट आणि स्कॅन. या कामाला मागच्या खरिपाच्या तोंडावर घेतलेला रिफर्बिश्ड (जुना, दुरुस्त करून पुन्हा विकलेला) बिझनेस लॅपटॉप : इंटेल कोअर आय-५ ६३००यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १४ इंची स्क्रीन, किंमत पंधरा-सोळा हजारांच्या घरात. हरभरा निघेपर्यंत रोज वापर झाला. निकाल आधीच सांगून टाकतो : मशीन चांगलं, त्यात भरून दिलेले ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअर यांची गाठ घालून देणारे छोटे प्रोग्राम) वाईट. 'हँग होतो' म्हणून रॅम वाढवायला किंवा फॉरमॅट मारायला निघालेल्यांनी आधी पुढचं वाचावं.

डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्यायचं कारण साधं. लाईन कधी जाईल याचा नेम नाही आणि स्वस्त यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळे काढत नाही. कीबोर्ड दणकट आहे, लॅनचा पोर्ट अंगचाच आहे (भारतनेट या सरकारी ग्रामीण इंटरनेटची वायर थेट लागते, हे फार मोठं सुख), बॅटरीवर पोर्टलचं काम अडीच-तीन तास निघतं. स्क्रीन फिकी आहे, स्पीकर नावालाच. त्याबद्दल एवढंच.

आता मुख्य दुखणं : लॅपटॉप हँग होणं. टास्क मॅनेजर (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून नुसतं '१०० टक्के' पाहून घाबरण्यात अर्थ नाही. विंडोज सुरू झाल्यावर काही मिनिटं डिफेंडर, अपडेट, सर्च इंडेक्स यांची कामं चालतात. दोन कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर तेवढा वेळ आकडा वरखाली होणारच. खरी परीक्षा त्यानंतर. ब्राउझर बंद, प्रिंटर बंद, हातात काही काम नाही, आणि तरी आकडा एका जागी अडून बसलाय. ६३००यू मध्ये दोन कोअर आणि चार थ्रेड (म्हणजे एका वेळी कामाच्या चार रांगा) आहेत, म्हणजे एक थ्रेड पूर्ण गुंतला की २५ टक्के. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये 'सिस्टम'समोर २४-२५ चा आकडा हलतच नसेल, तर कुठला तरी ड्रायव्हर एकाच कामात गरागरा फिरतोय असं समजा. विंडोज १० चा परफॉर्मन्स टॅब टर्बोचा (गरजेपुरता वाढवलेला) वेगही हिशेबात धरतो, त्यामुळे तोच भार तिथे तीसच्या वर दिसू शकतो. डिटेल्सचाच आकडा धरा.

परफॉर्मन्स टॅबमध्ये टक्क्यांच्या शेजारी 'स्पीड' लिहिलेला असतो, तिकडे कोणी पाहत नाही. या प्रोसेसरचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.० पर्यंत. काम चालू असताना स्पीड ०.८ च्या आसपास चिकटून बसला असेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी चार्जर बदलून पाहा. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरची ओळख मधल्या बारीक पिनवरून पटवतात. ती पटली नाही की प्रोसेसरचा वेग मुद्दाम दाबून ठेवतात. रिफर्बिश्ड मालासोबत बाजारातला साधा चार्जर येणं नेहमीचंच. चार्जर काढल्यावर, नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप पळायला लागला, तर दोष बहुधा तिथेच.

उष्णता आणि ड्रायव्हर यांचा घोळही आपल्याकडे फार होतो. टिनाच्या खोलीत मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या पुढे गेला की कुठलाही लॅपटॉप मंदावणार. फरक ओळखायचा तो सकाळी. गार मशीन सुरू करा. तेव्हाही सिस्टमचा आकडा २५ वर असेल तर ते उन्हाचं काम नाही. सकाळी झकास आणि दुपारी स्पीड पडत असेल तर पंखा उघडा. कापसाच्या हंगामात हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांवर तंतूंची अक्षरशः वाकळ बसते, ब्लोअर बाहेरून मारून ती निघत नाही. मागचं झाकण काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने काढावी लागते. हीटसिंकही काढला तर प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी पुरे.

भार ड्रायव्हरचा आहे हे ठरल्यावर पुढचा प्रश्न, कुठल्या? इथे दोन वेगळ्या ओळी आहेत आणि त्या एकच समजल्या तर दिवस वाया जातो. 'सिस्टम' म्हणजे विंडोजचं कर्नल (त्याचा गाभा) आणि त्यात बसलेले ड्रायव्हर. 'सिस्टम इंटरप्ट्स' ही खरी प्रोसेसच नाही. हार्डवेअरने मारलेल्या हाका आणि त्या निस्तरण्यात गेलेला वेळ त्या नावाखाली दाखवतात. निवांत मशीनवर तो एक-दोन टक्क्यांच्या आत असतो. सतत दहा-पंधरा असेल तर हार्डवेअर किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडलेला आहे.

'सिस्टम'चा आकडा चढलेला असेल तर सिसइंटर्नल्सचं प्रोसेस एक्सप्लोरर उतरवा. फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचंच आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, सिस्टमवर डबल क्लिक, थ्रेड्स टॅब, सीपीयू कॉलमवर क्लिक. वर येणाऱ्या थ्रेडच्या 'स्टार्ट ॲड्रेस'मध्ये बहुतेकदा ड्रायव्हरच्या फाइलचं नाव दिसतं. या लॅपटॉपवर तिथे एसीपीआयची फाइल होती, म्हणजे वीज, बॅटरी, झाकण, पंखा यांचे निरोप विंडोजला पोचवणारा ड्रायव्हर. तो मायक्रोसॉफ्टचा असतो आणि सहसा निर्दोष असतो. बायोसकडून (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरकडून) एकच निरोप सारखा येत राहिला की तो थकतो. खात्री करायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) 'बॅटरीज'खालचा 'एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' थोडा वेळ डिसेबल करा. आकडा धाडकन खाली आला तर इलाज बायोस अपडेट. तेवढा वेळ बॅटरी किती उरली ते दिसणार नाही, म्हणून पाहून झालं की पुन्हा एनेबल करा. बायोस अपडेट चार्जर लावून आणि बॅटरी चांगली भरलेली असतानाच करावं, आभाळ आलेलं असताना तर नाहीच.

'सिस्टम इंटरप्ट्स'चा आकडा चढलेला असेल तर लेटन्सीमॉन हे कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते मोजणारं सॉफ्टवेअर चालवा. दहा मिनिटं चालू द्या, मग ड्रायव्हर्स टॅब, 'हायेस्ट एक्झिक्युशन'प्रमाणे लावा. मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीचा दंडक असा : इंटरप्टचं पहिलं काम २५ मायक्रोसेकंदांत आणि मागे ठेवलेलं काम, ज्याला डीपीसी म्हणतात, १०० मायक्रोसेकंदांत उरकावं. प्रत्यक्षात चांगले ड्रायव्हरही अधूनमधून तो ओलांडतात. हजारोंच्या घरातले आकडे सारखे येत असतील तर मात्र गडबड आहे.

इथेच बहुतेक जण फसतात. यादीत सगळ्यात वर एनडीआयएस, डब्ल्यूडीएफ, स्टोरपोर्ट, डीएक्सजीकर्नल किंवा एनटीओएसकर्नल अशी नावं येतात आणि लोक विंडोजलाच शिव्या घालतात. ही सगळी विंडोजची सामाईक चौकट आहे, कंपन्यांचे ड्रायव्हर तिच्या आधाराने चालतात. चूक दुसऱ्याची असते, बोल हिला लागतो. एनडीआयएस दिसलं तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तपासा, डीएक्सजीकर्नल दिसलं तर ग्राफिक्सचा, स्टोरपोर्ट दिसलं तर एसएसडी-हार्डडिस्कचा, डब्ल्यूडीएफ दिसलं तर टचपॅड किंवा यूएसबीवर लावलेलं काहीतरी. मग डिव्हाइस मॅनेजरमधून ते एकेक डिसेबल करून आकडा पाहायचा. या मशीनवर वायफाय डिसेबल करताच इंटरप्ट्सचा आकडा एकाच्या खाली आला, लॅनची वायर लावून सगळी पोर्टलं सुरळीत. शोध संपला.

दुरुस्तीसाठी इंटरनेट लागेलच असं नाही. त्या डिव्हाइसवर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', आणि त्यातला 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट' हा पर्याय. ड्रायव्हरच्या जुन्या-नव्या आवृत्त्या विंडोजच्या साठ्यात पडून असतील तर त्या इथे दिसतात. जुन्या ड्रायव्हरवर परत नेणारं 'रोल बॅक' बटण पुसट असलं तरी हा रस्ता उघडा असतो. त्यातही जमलं नाही तर लॅपटॉपच्या खालचा सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर टाकून बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं. क्रम : बायोस, चिपसेट, मॅनेजमेंट इंजिन, ग्राफिक्स, नेटवर्क, शेवटी ऑडिओ आणि टचपॅड. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारी सॉफ्टवेअरं वापरू नका. मुळात रोग तिथूनच येतो. विकणारे एकच इमेज (विंडोजची तयार प्रत) आणि एकच ड्रायव्हर पॅक भराभर सगळ्या मशीनवर चढवतात, मग शेजारच्या मॉडेलचा ड्रायव्हर तुमच्या मॉडेलवर बसतो. त्यांच्याकडे नेऊन फॉरमॅट मारून घेतलं की तीच इमेज पुन्हा चढते, तोच रोग पुन्हा.

ड्रायव्हर बदलल्यावर 'रीस्टार्ट'च करा. 'शट डाउन' नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तीच परत आणतं. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनचा परफॉर्मन्स टॅबमधला 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसतो तो यामुळे. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या पानावर फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. एसएसडीवर काही सेकंदांचाच फरक पडतो.

इतकं करूनही विंडोज अपडेट मागच्या दाराने तोच वायफाय ड्रायव्हर परत आणतं. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये विंडोज अपडेटच्या खाली 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' एनेबल करावं. सगळं नीट बसल्यावर 'पीएनपीयुटिल' या विंडोजच्याच कमांडच्या एक्सपोर्ट पर्यायाने ड्रायव्हरचा संच पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. नेट नसलेल्या दिवशी तोच कामी येतो.

सेवा केंद्रवाल्यांसाठी दोन खास गोष्टी. पहिली, बोटाच्या ठशाचं मशीन. जुनं एल-झिरो मशीन गेलं, एल-वन आलं (या आधारच्या ठसा मशीनच्या सुरक्षेच्या पातळ्या), पण जुन्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीन आणि पोर्टल यांना जोडणारं सॉफ्टवेअर, तशीच राहिली, हे अनेक केंद्रांवर सापडेल. आरडी सर्व्हिस लॅपटॉपच्या आतच ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी एकावर ऐकत बसते; दोन असल्या की पोर्टल दोघींना विचारत बसतं. दोन्ही काढा, रीस्टार्ट करा, हातातल्या मशीनची एकच बसवा. आणि ते मशीन हबमध्ये लावू नका. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच ठसा मशीन, माउस आणि वेबकॅम भागवतो. कास्तकार बोट ठेवून उभा असतो आणि लॅपटॉप टिंग-टुंग करत मशीन सोडतो-धरतो. प्रत्येक टिंगला विंडोज ड्रायव्हर नव्याने लावतं आणि प्रोसेसर उसळतो. थेट पोर्टात लावा, पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबीला झोपवणारी सोय) बंद करा.

दुसरी, प्रिंटर. प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) प्रोसेसर खात असेल तर सर्व्हिसेसमधून तो थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरातल्या 'प्रिंटर्स'मधल्या फाइली पुसा, पुन्हा सुरू करा. सोबत 'कॉपी १', 'कॉपी २' म्हणून साचलेले भुताटकी प्रिंटरही काढून टाका.

'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' (मशीनची माहिती इतर प्रोग्रामांना देणारी विंडोजची सेवा) याचा आकडा चढलेला असेल तर तो स्वतः गुन्हेगार नसतो, त्याला कोणीतरी सारखं विचारत असतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी, ऑपरेशनल. तिथल्या एररमधला क्लायंट प्रोसेस आयडी डिटेल्स टॅबमधल्या पीआयडीशी जुळवा. इथे तो निघाला विकणाऱ्याने ठेवलेल्या ड्रायव्हर अपडेटरचा. काढला, विषय मिटला.

एवढं झाल्यावर निवांत मशीनचा भार तीन-चार टक्क्यांवर राहतो, पंख्याचा आवाज बंद झाला, बॅटरीही जास्त पुरते. पीक विम्याच्या गर्दीत ब्राउझरचे दहा टॅब, ठसा मशीन आणि प्रिंटर एकत्र चालतात. तरीही आज हाच लॅपटॉप पुन्हा घ्यावा असं म्हणणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वैयक्तिक वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेटं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सहावी पिढी (६३००यू तिच्यातलाच) नाही. दुकानदार तपासणी चुकवून ते टाकून देतात, पण अशा मॉडेलांसाठी कंपनीच्या साइटवरचे ड्रायव्हर सहसा विंडोज १० पाशीच थांबलेले असतात. दोन-चार हजार जास्त पडले तरी आठव्या पिढीचा पाहा. पैसे देण्याआधी तुमचं ठसा मशीन दुकानातच थेट पोर्टात लावा, चार्जर लावलेला ठेवा, दहा मिनिटं काही न करता डिटेल्स टॅब उघडा ठेवा. सिस्टम आणि सिस्टम इंटरप्ट्स दोन्ही दोनच्या खाली हवेत. मग ब्राउझर उघडून स्पीड मूळ वेगाच्या वर जातो का ते पाहा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान गाठा.