मबाम्बाची होडी की बिगोडीची पायवाट?

युगांडाचं तिकीट काढून झालंय, गोरिलाचं परमिटही हातात आहे आणि मधले एक-दोन मोकळे दिवस कुठे घालवायचे यावर घरात खल चाललाय, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. पाणथळ जागा आणि गाव असं दोन्ही एका फेरीत बघायचं म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं मबाम्बा, दुसरं पश्चिमेकडे किबालेच्या जंगलाला खेटून असलेलं बिगोडी. आम्ही नवरा-बायकोने पाच दिवसांच्या अंतराने दोन्ही केलं.

सोयीच्या बाबतीत मबाम्बाच्या जवळपासही बिगोडी येत नाही. तुम्ही उतरणार एंटेबेला, आणि तिथून पहाटे निघालात तर मबाम्बा करून दुपारच्या जेवणाला परत. बिगोडीसाठी आधी कंपालाहून फोर्ट पोर्टल गाठायचं, म्हणजे साधारण 300 किलोमीटर, आणि मग पुढे आणखी तासभर. आमचा अख्खा दिवस प्रवासात गेला. अर्थात त्यातला बराच वेळ रस्त्याकडेला रोलेक्स खाण्यात गेला. चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, त्याला तिथे रोलेक्स म्हणतात. आणि चपातीला चपातीच.

आता शूबिल. मबाम्बाला लोक जातात ते या एका पक्ष्यासाठी, आणि खोटं कशाला बोलू, आम्हीही त्याच्याचसाठी गेलो होतो. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी उंची, राखाडी अंग आणि जुना बूट उलटा लावावा तशी चोच. पपायरसच्या, म्हणजे उंच लव्हाळ्यासारख्या गवताच्या, भिंतींमधल्या चिंचोळ्या पाण्यातून दीड तास फिरल्यावर तो दिसला. वीसेक मिनिटं त्याच्यासमोर होतो, तेवढ्यात त्याने एकदा मान वळवली. बस. तरीही ती वीस मिनिटं माझ्या आयुष्यातल्या उत्तम वीस मिनिटांत मोडतील. भिगवणला होडीतून रोहित बघितलेल्यांना मामला ओळखीचा वाटेल, फक्त इथे थवा नाही. एकच पक्षी, आणि तोही देवळातल्या मूर्तीसारखा उभा.

या पक्ष्यामागे एक गोष्ट आहे आणि मला ती पक्ष्याइतकीच ऐकायची होती. शूबिलचं आवडतं खाणं म्हणजे लंगफिश, लुगांडा भाषेत एमांबा. कोळ्यांनाही तोच मासा हवा असतो. पूर्वी हा पक्षी दिसला की त्या दिवशी जाळ्यात काही लागत नाही अशी समजूत होती, त्यामुळे कोळी त्याला मारायचे. 2006 मध्ये मबाम्बाला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, पर्यटक येऊ लागले, आणि ज्या पक्ष्याला अपशकुनी म्हणायचे तोच दाखवून आज तिथली घरं चालतात. आमचा नावाडी पन्नाशीचा असावा. त्याने स्वतः तो काळ बघितला असणार. त्याला विचारायचं बरंच मनात होतं.

आणि इथेच माझं घोडं अडलं. होडी लांबट आणि अरुंद. गाईड पुढे, आमच्याकडे पाठ करून. नावाडी आमच्या पाठीमागे. मध्ये आम्ही दोघं, एकामागे एक. मोकळ्या पाण्यात इंजिनाचा आवाज, आत शिरलं की पक्षी बुजेल म्हणून सगळे गप्प. त्यात गाईडचा फोन कानाला, कारण दुसऱ्या होड्यांतून पक्षी कुठे दिसला याची खबर येत असते. मी एकदा मान वळवून नावाड्याला प्रश्न विचारला, तर होडी अशी कलली की बायकोने माझा दंड धरला. म्हणजे गावच्या लोकांनी चालवलेली सफर म्हणून गेलो आणि तीन तास मला एकाही माणसाचं तोंड दिसलं नाही. ही कुणाची चूक नव्हे; होडी तशीच असते. पण मला ते फार लागलं. उतरल्यावर बोलू म्हटलं, तर काठावर पुढची मंडळी लाइफ जॅकेट चढवून उभीच होती.

बिगोडीत याच्या बरोबर उलट. तिथे मगोंबे नावाच्या दलदलीला वळसा घालणारी साधारण साडेचार किलोमीटरची पायवाट आहे. अधूनमधून फळ्या, उरलेला चिखल. गमबूट घालून जा आणि पँट मोज्यात खोचा, मुंग्या चावऱ्या आहेत. एका ठिकाणी चिखल माझ्या बुटात वरून शिरला तो फोर्ट पोर्टलपर्यंत सोबत होता. पण गाईड शेजारी चालत होता, आणि त्याचं तोंड दिसत होतं!

पहिल्या दहा मिनिटांत त्याने आमची नावं बदलली. तिथल्या बाटोरो लोकांत प्रत्येकाला जन्मनावाखेरीज एक लाडाचं नाव असतं, त्याला एम्पाको म्हणतात. मोजकीच दहा-बारा नावं, सगळ्यांत वाटलेली, आणि त्यातलं ओकाली फक्त राजाचं. नुसत्या जन्मनावाने हाक मारणं रुक्ष समजतात. मी झालो अट्वोकी. बायको अबवोली. या नावाचा संबंध मांजराशी जोडतात असं गाईडने सांगितलं, आणि तेव्हापासून घरात मला गप्प बसावं लागतं.

मग गप्पा सुरू झाल्या त्या थांबेचनात. वर फांदीवर लाल कोलोबस माकडं, खाली मक्याचं शेत, आणि शेताचा मालक माकडांना शिव्या देत उभा. माझं गाव गुहागरकडचं. मला भाषांतराची गरज पडली नाही. माकडं मका खातात, तरी दलदल का राखायची, हा प्रश्न गावाने 1992 मध्ये संस्था काढून सोडवायला घेतला, आणि पर्यटकांच्या पैशातून तिथे माध्यमिक शाळाही उभी राहिली. प्रश्न सुटलाय असं गाईड म्हणाला नाही. त्याच्या भावाचाही मका जातोच.

पक्ष्यांचं म्हणाल तर शूबिलसारखं काही तिथे नाही. ग्रेट ब्लू टुराको दिसला. रंग मोराचे आणि उडणं कोंबडीचं. दुर्बीणवाल्या पक्क्या मंडळींना यादी भरपूर मिळेल. दुपारी एका घरी जेवलो, वाफवलेलं मटोके, म्हणजे कच्ची केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण. उपासाच्या दाण्याच्या आमटीची इतकी सख्खी बहीण मी परदेशात दुसरी पाहिलेली नाही. शाकाहारी असाल तर हा मुद्दा लहान समजू नका.

तेव्हा हातात एकच दिवस असेल, किंवा शूबिल बघितल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरवलं असेल, तर मबाम्बा, आणि जमेल तितक्या पहाटे. गुडघे कुरकुरत असतील तरी मबाम्बाच बरं. पण किबालेत चिंपांझी बघायला जाणारच असाल, तर सकाळी ते उरकून दुपारची फेरी बिगोडीला ठेवा. दोन्ही अगदी जवळ आहेत. शूबिल हुकला तर दुःख होईल हे कबूल. पुन्हा जायला मिळालं तर मात्र मी आधी बिगोडीचा दिवस पक्का करीन, एका रात्रीऐवजी दोन रात्री, आणि उरलेल्या वेळात मबाम्बा बसलं तर बसलं.

आणि मबाम्बाला गेलातच, तर होडी काठाला असतानाच उलटं बसता येईल का विचारा, नावाड्याकडे तोंड करून. पक्षी चुकेल ही भीती नको. आम्हाला तो पाठीमागून वल्ह्याची टकटक करून नावाड्यानेच दाखवला होता, गाईड फोनवर असताना.