पीटीएसडी: दिव्यासमोर बसायचं की थेरपिस्टसमोर?

पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगाच्या आघातानंतर मनात घर करून राहणारा आजार. त्यावर लाइट बॉक्सचा, म्हणजे प्रखर उजेड देणाऱ्या दिव्याचा, मोह का होतो हे समजतं. कुणाला काही सांगायचं नाही, सकाळी अर्धा तास समोर बसायचं, वाचत बसलं तरी चालतं. थेरपीत नेमकं उलट. वर्षानुवर्षं जे टाळत आलो, त्याच आठवणीकडे कुणाच्या सोबतीनं पुन्हा बघायचं असतं.

डोळ्यांच्या पडद्यातल्या मेलॅनोप्सिनयुक्त पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देतात. सकाळचा उजेड झोपेला वळण लावतो तो असा. ॲरिझोना विद्यापीठातल्या एका अभ्यासात पीटीएसडी असलेल्यांनी सहा आठवडे रोज सकाळी ३० मिनिटं निळा किंवा पिवळसर उजेड घेतला. निळ्या गटात लक्षणांची तीव्रता कमी झाली, झोप सुधारली. निकाल आशादायक आहे, पण सहभागी शंभरापेक्षाही कमी होते. आघात-केंद्रित थेरपीच्या मागे मात्र कित्येक दशकांचा पुरावा उभा आहे: कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (आघातामुळे रुजलेले विचार तपासायचे; साधारण १२ सत्रं), प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचं), ईएमडीआर (आठवण मनात ठेवून डोळे इकडून तिकडे हलवायचे). औषधांत सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन ही नावं नेहमीची.

म्हणून माझा कौल थेरपीला. पण तिथं नंबर लागायला वेळ असेल आणि रात्री धड झोप नसेल, तर तोवर दिवा जरूर लावावा. रात्रभर जागलेल्या माणसाला सत्रात बसून आठवणींशी झुंजणं जड जातं. धोका एकच वाटतो: टाळाटाळ हे या आजाराचंच लक्षण आहे, आणि घरबसल्या होणारा उपाय त्या टाळाटाळीला छान निमित्त पुरवतो.

दिवा घ्यायचाच तर '१०,००० लक्स' (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) हा आकडा किती अंतरावरचा आहे ते आधी पाहा. थोडं मागं सरकलं की उजेड झपाट्यानं घटतो. अतिनील किरण गाळणारा हवा. लाल दिव्यांचे पॅनेल हा निराळाच प्रकार, त्यात गल्लत नको. लाइट बॉक्स संध्याकाळी वापरला तर झोप आणखी उशिरा लागते. डोकेदुखी, डोळ्यांवर ताण हे किरकोळ त्रास. पण बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार) असेल तर उन्माद उफाळू शकतो. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल किंवा उजेडाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थेरपीचाही त्रास असतोच: सुरुवातीच्या काही सत्रांनंतर स्वप्नं, चिडचिड वाढू शकते. हे आधी ठाऊक नसल्यामुळे काहीजण मध्येच सोडून देतात.

फुकटचा पर्यायही आहे. घरातल्या दिव्यांचा उजेड सहसा ५०० लक्सच्या आत असतो, ढगाळ सकाळी बाहेर त्याच्या कितीतरी पट. गर्दीची भीती वाटत नसेल तर दिवा घेण्याआधी दोन आठवडे सकाळी चालून बघा आणि रोज किती वाजता झोप लागली ते लिहून ठेवा. ती वही पुढं थेरपिस्टलाही उपयोगी पडते.