लोणावळ्याच्या बंगल्यातला तलाव: गॅस हीटर की हीट पंप?

हिशोब ५०,००० लिटरचा धरू. पाणी ५ अंशांनी तापवायला अडीच लाख किलोकॅलरी लागतात. गॅसवर त्याचे साधारण २८ किलो एलपीजी होतात, म्हणजे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर जवळजवळ दीड. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो, त्यामुळे तेच काम ७० युनिट विजेत होतं. रोज पोहणाऱ्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल, पंपच घ्या.

पण बंगला फक्त शनिवार-रविवारी उघडत असेल तर? ६० किलोवॉटचा गॅस हीटर पाच तासांत पाणी तयार ठेवतो. १५ किलोवॉट उष्णता देणाऱ्या पंपाला वीस तास लागतात, आणि डिसेंबरच्या थंड रात्री तो आणखी मंदावतो. इथे मी गॅसच घेईन.

मात्र एकाच सिलिंडरवर एवढा हीटर चालत नाही. सिलिंडर गार पडून दाब उतरतो, म्हणून चार-सहा एकत्र जोडावे लागतात. हीटर उघड्यावरच हवा, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. क्लोरिन पाणी हीटरमधून बाहेर पडल्यावर सोडा, नाहीतर आतली तांब्याची नळी खाल्ली जाते.

आणि काहीही घ्या, रात्री तलाव झाका. सर्वांत जास्त उष्णता बाष्पीभवनातच जाते.