नौपाड्यातील संगणक दुरुस्ती केंद्र : फॉरमॅट न करता सावरलेला उबुंटू

ठाणे शहराच्या नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीतील एका छोट्या संगणक दुरुस्ती केंद्राविषयी मुद्दाम लिहीत आहे, कारण लिनक्स या संगणकप्रणालीचा बिघाड मुळापासून शोधणारे कोणी ठाण्यात भेटेल, ही आशा मी जवळजवळ सोडली होती.

माझ्या संगणकावर उबुंटू २२.०४ ही लिनक्सवर आधारित प्रणाली आहे. नव्या स्कॅनरसोबत आलेली इन्स्टॉलर स्क्रिप्ट, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आज्ञांची फाइल, सूचनेप्रमाणे सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवली आणि संगणक पुन्हा सुरू केला, तर लॉगिनचा पडदाच येईना. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनल (आज्ञा टंकण्याचा पडदा) उघडले, पण सॉफ्टवेअर उतरवून बसवणारे ॲप्टसुद्धा सी++ लायब्ररीतील ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ची हवी ती आवृत्ती सापडत नाही, असे सांगून तिथेच थांबत होते. दोन दुकानांत विचारले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

येथील तंत्रज्ञांनी मात्र संगणकाला हात लावण्यापूर्वी मी नेमके काय चालवले ते विचारले आणि पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून माझ्या सर्व फाइलींची प्रत काढली. त्यानंतर त्यांनी ती स्क्रिप्ट माझ्यासमोर उघडून ओळीओळीने वाचली. तिच्यात स्कॅनरसोबतची जुनी सी++ लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती सामायिक फाइल) थेट प्रणालीच्या फोल्डरात कॉपी करणारी एक ओळ होती. तिथले लायब्ररीचे नाव ही केवळ दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी एक लिंक असल्यामुळे कॉपी त्या लिंकमागच्या मूळ फाइलीवरच जाऊन बसली होती, म्हणजे फाइलीच्या नावातला आवृत्तीक्रमांक ६.०.३० असा नवा आणि आतला ऐवज जुना. पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, प्रत्यक्ष बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला पडताळणी करायला सांगताच बदललेली फाइल लगेच यादीत दिसली, कारण प्रत्येक पॅकेजच्या फाइलींचे चेकसम (फाइल बदलली का ते ओळखण्याचे आकडे) त्याच्याकडे नोंदलेले असतात.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते पुढचे. ॲप्ट सी++ मध्ये लिहिलेले असल्यामुळे त्याच लायब्ररीवाचून अडले होते, पण डीपीकेजी सी भाषेतले असल्यामुळे ते शाबूत होते. म्हणून त्यांनी दुसऱ्या संगणकावर मूळ पॅकेज उतरवून घेतले, ते डीपीकेजीने बसवले आणि लॉगिनचा पडदा परत आला. नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रामांनाही चालते, त्यामुळे कॉपी करणारी ती ओळ मुळातच अनावश्यक होती. ती काढून त्यांनी स्कॅनरचे सॉफ्टवेअर ‘ऑप्ट’ फोल्डरात नव्याने बसवून दिले. बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरची हक्काची जागा तीच, हेही त्यांनी समजावून सांगितले.

एक उणीव नोंदवणे भाग आहे. तेथे दरपत्रक लावलेले नाही आणि काम होईपर्यंत खर्चाचा अंदाजही मिळत नाही. माझ्याकडून ८०० रुपये घेतले, ते मला वाजवी वाटले. पण आकडा आधी कळला असता, तर दोन दिवस जिवाला लागलेला घोर कमी झाला असता. बिलामागे मात्र त्यांनी वापरलेल्या सर्व आज्ञा स्वच्छ अक्षरात लिहून दिल्या आहेत.