पॅरासेट की बी-टू?

नव्याने हॅम (हौशी रेडिओ) परवाना मिळालेल्या एका मित्राला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गुप्तहेरांच्या मोर्स संचाची प्रतिकृती बांधायची आहे, पण पॅरासेट की बी-टू हे ठरत नाही.

बांधणीत पॅरासेट सरळ जिंकतो. सगळे मिळून तीन व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या): ग्राहकात (रिसीव्हरमध्ये) दोन 6एसके7, प्रक्षेपकात एक 6व्ही6. बी-टूचा ग्राहक सुपरहेटरोडाइन, म्हणजे आलेला सिग्नल आधी एका ठरावीक वारंवारतेवर आणणारा. त्याची गुंडाळ्यांची जुळवणी नवख्याचा घाम काढते.

पोहोच मात्र बी-टूची. तो सुमारे 20 वॉट देतो, पॅरासेट जेमतेम 4-5. शिवाय पॅरासेट साधारण 7.6 मेगाहर्ट्झला थांबतो, म्हणजे 20 मीटरचा (14 मेगाहर्ट्झचा) पट्टा विसराच; बी-टू 15 च्या पुढे जातो. अर्थात 40 मीटरवर (7 मेगाहर्ट्झ), रात्री, चांगल्या अँटेनाने 5 वॉटही पुष्कळ लांब जातात.

ऐकण्यात फरक जास्त जाणवतो. पॅरासेटचा ग्राहक रिजनरेटिव्ह, म्हणजे सिग्नल स्वतःकडेच परत फिरवून वाढवणारा: हात जवळ नेला तरी स्वर सरकू शकतो, आणि तो स्वतःच अँटेनातून थोडे प्रक्षेपण करतो. शत्रूला त्यावरून माग लागू शके, म्हणून हेरासाठी हे जिवावरचं होतं. आज फार तर शेजारचा हॅम वैतागेल.

वजनात तुलनाच नाही. सूटकेसमधला बी-टू 14-15 किलोंचा. त्या काळी तो ‘सहज’ उचलण्याचा अभिनय करावा लागत असणार!

पहिलाच व्हॉल्व्ह-प्रकल्प असेल तर पॅरासेट घ्यावा. रोज लांबचे संपर्क करायचे असतील आणि जुने सुटे भाग शोधायची चिकाटी असेल, तर बी-टू. उच्च व्होल्टेजची धास्ती दोन्हीकडे सारखीच.